‘इथं पाणी येतं का?’ : सांगलीत खोली शोधण्याचे सात दिवस

लातूर जिल्ह्यातल्या आमच्या औसा तालुक्यात कुणी भाड्याचं घर बघायला गेलं की पहिला प्रश्न असतो, ‘पाणी येतं का?’ ‘येतं की, आठ दिवसाला येतं’ असं उत्तर मिळालं की माणूस निवांत होऊन पुढचं विचारतो. सांगलीत पहिल्याच घरी मी सवयीने हेच विचारलं. घरमालक घाईघाईने म्हणाले, ‘नाही नाही, आपल्याकडं अजिबात येत नाही. २०१९ ला पण नव्हतं आलं.’ ते पुराच्या पाण्याबद्दल बोलत होते आणि मी नळाच्या. हे लक्षात यायला मला मिनिटभर लागलं. पुढचे सात दिवस हा एकच प्रश्न मी दोन अर्थांनी विचारत फिरले. एम.एस्सी.ला उशिरा प्रवेश मिळून अनोळखी गावात जायची वेळ आलेल्या कुणाला उपयोग व्हावा म्हणून सगळं क्रमाने लिहिते आहे.

६ ऑगस्ट २०२४, मंगळवार. संध्याकाळी साडेसातला तिसरी यादी लागली आणि तीत माझं नाव होतं. कॉलेज सांगलीत विश्रामबागला, विषय मला हवा होता तोच. पहिल्या दोन याद्यांत नाव नव्हतं म्हणून आम्ही आशा सोडली होती. लातूरला बी.एड.चा फॉर्मसुद्धा भरून ठेवला होता. यादीखाली लिहिलं होतं की मूळ कागदपत्रं आणि फी घेऊन ८ तारखेला हजर व्हा, नाहीतर जागा पुढच्याला जाईल. तास १२ तारखेपासून सुरू. राहायचं कुठे हा विचार त्या रात्री आमच्या घरात कुणाच्याही मनात आला नाही. आईने देवापुढे साखर ठेवली, बाबा पैशांची जुळवाजुळव करायला उठून गेले.

बुधवारचा दिवस कागदांत गेला. टी.सी., तिन्ही वर्षांची गुणपत्रकं, उत्पन्नाचा दाखला, अधिवास, आधारच्या झेरॉक्स. माझी पदवी नांदेडच्या विद्यापीठाची आणि सांगलीची कॉलेजं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाखाली येतात, त्यामुळे स्थलांतर प्रमाणपत्र लागणार होतं. एका दिवसात ते मिळणं शक्यच नव्हतं. मी ऑनलाइन अर्ज करून फी भरल्याची पावती छापून घेतली. ती पावती आणि ‘तीस दिवसांत मूळ प्रत देईन’ असं हमीपत्र एवढ्यावर पुढे काम झालं. तेव्हा विद्यापीठ बदलणार असाल तर निकाल लागल्याबरोबर हा अर्ज करून टाका, यादीची वाट बघू नका.

रात्रीच्या एसटीने बाबा आणि मी निघालो. बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे माझे थोडे पैसे वाचले. तुळजापूर, सोलापूर, सांगोला करत गाडी पहाटे मिरजेत शिरली. स्टेशनाजवळून जाताना बाबा खिडकीकडे बोट करून म्हणाले, ‘इथूनच आली होती बघ ती गाडी.’ एप्रिल २०१६ मध्ये मी सातवीत होते. लातूरचे नळ कोरडे पडले होते आणि मिरजेहून कृष्णेचं पाणी रेल्वेने आलं. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या आणि त्यांत पाच लाख लिटर पाणी. आमच्या शाळेत त्यावर निबंध लिहायला दिला होता. मिरज हे नाव मला तेव्हापासून पाण्याचं गाव म्हणूनच माहीत होतं.

८ तारखेला सकाळी साडेसहाला सांगली बसस्थानकावर उतरलो. तोंड धुतलं, चहा घेतला आणि विश्रामबागला जायला निघालो. ‘वडापनं जावा, वीस रुपये घेतील,’ असं चहावाल्याने सांगितलं. वडाप हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. माणसं भरून जाणारी शेअर रिक्षा किंवा जीप म्हणजे वडाप. नवीन येणाऱ्याने हा शब्द लक्षात ठेवावा, कारण स्पेशल रिक्षाचे आणि वडापचे पैसे यांत खूप फरक पडतो.

प्रवेशाचं काम दुपारी दोनपर्यंत चाललं. पहिला हप्ता ९,५०० रुपये भरला. घरून आणलेले २२,००० होते, त्यातले साडेबारा हजार उरले. मग वसतिगृहाच्या खिडकीवर गेले. मुलींचं वसतिगृह जुलैमध्येच भरलं होतं आणि प्रतीक्षायादीत माझा नंबर सतरावा. खिडकीवरच्या मॅडम चांगल्या बोलल्या, पण सतराव्या नंबरला सप्टेंबरच्या आधी काही मिळेल असं वाटत नाही हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. बाहेर पायरीवर बसल्यावर बाबा एवढंच म्हणाले, ‘बरं, आता खोली बघू.’ त्यांचा आवाज शांत होता. मला मात्र पोटात खड्डा पडल्यासारखं झालं. आमचं सांगलीत ओळखीचं कुणी नव्हतं.

त्या दुपारी आम्ही चालत दोन-तीन घरं बघितली. वर सांगितलेला प्रश्नोत्तराचा घोटाळा तिथलाच. त्या घरमालकांकडची खोली खरंच कोरडी आणि चांगली होती, पण भाडं ५,५०० आणि तिघी मिळून घ्या म्हणाले. मी एकटी. रात्री बसस्थानकाजवळ लॉज घेतलं, दोघांचे ९०० रुपये.

दुसरा दिवस नागपंचमीचा. बत्तीस शिराळा याच जिल्ह्यात असल्याने निम्मे लोक तिकडे गेलेत की काय असं वाटत होतं. दोन घरांना कुलूप, एका ठिकाणी ‘मालक शिराळ्याला गेलेत, उद्या या.’ सकाळी लॉजवाल्याने सांगितलं की गावभागात जुने वाडे आहेत, तिथे स्वस्त मिळेल. म्हणून आम्ही नदीच्या बाजूला गेलो.

तिथे एका आजींचं घर सापडलं. तळमजल्यावर मोठी खोली, वेगळी मोरी, स्वयंपाकाला ओटा, भाडं फक्त १,८००. माझ्या डोळ्यांपुढे लगेच पुस्तकं, कॉट, टेबल सगळं मांडून झालं. आजींनी ‘कुठनं आलायसा?’ विचारलं. लातूर म्हटल्यावर त्यांचा चेहरा उजळला. ‘आमच्या मिरजंतनंच पाणी गेलं हुतं की तुमच्याकडं रेल्वेनं!’ बाबांनी त्यांना हात जोडले. म्हणाले, ‘आम्ही प्यालोय ते पाणी.’ थोडा वेळ कुणीच बोललं नाही.

मग आजींनी बाबांना भिंतीजवळ नेलं. रंग नवा होता, तरी माळ्याच्या खाली एक फिकट पट्टा दिसत होता. ‘हे २०१९ चं. पुलावर सत्तावन्न फूट झालं हुतं तवा. २०२१ ला परत आलं. आमी आता म्हातारी मानसं, बोलावलं की पोरगा येतो, आमी वर चढतो, जातो. तुमची पोर एकटी, रात्री-अपरात्री कुठं जाणार? मला भाडं मिळंल, पर इथं ठेवू नका तिला.’

खोली रिकामी ठेवून आम्हाला नको म्हणणारी ही बाई. त्यांनी आम्हाला पुरणाची दिंडं खायला घातली, त्या दिवशी घरात तवा ठेवलेला नव्हता. निघताना त्यांनी मला शिकवलेली गोष्ट मी सगळ्यांना सांगते आहे. कृष्णेवरच्या आयर्विन पुलावर पाण्याची पातळी फुटांत मोजतात. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका. कितव्या फुटाला कोणत्या गल्लीत पाणी येतं हे जुन्या सांगलीकरांना तोंडपाठ असतं. त्यामुळे ‘पूर येतो का’ असं मोघम विचारायचं नाही. ‘किती फुटाला तुमच्या दारात पाणी येतं?’ असं विचारायचं. आकडा सांगणारा माणूस बहुतेक खरं सांगतो. ‘छे, तसलं काही नाही’ म्हणणाऱ्याच्या शेजाऱ्याला विचारायचं. जुलैच्या शेवटी पाणी वाढून नुकतंच ओसरलं होतं, त्यामुळे सगळ्यांच्या तोंडी तेव्हा फुटांचीच भाषा होती.

दुपारी बाबांना परत जावं लागलं. सोयाबीनवर फवारणी राहिली होती आणि आईची तब्येत बरी नव्हती. आता रात्री मी कुठे राहणार हा प्रश्न होता. आदल्या दिवशी प्रवेशाच्या रांगेत एम.एस्सी. दुसऱ्या वर्षाची एक मुलगी भेटली होती, तिने नंबर दिला होता. मी बिचकत फोन केला. तिने तिच्या मालकिणीला विचारलं. चार रात्री चालेल, रात्रीचे १५० रुपये, त्यापुढे नाही. १३ तारखेला सकाळी सामान हलवायचं. बाबांना एसटीत बसवताना मी रडले नाही, ते मात्र रडले.

शनिवारी मी दोन चुका केल्या. पहिली पैशाची. मोबाइलवरच्या जाहिरातीत विश्रामबागमधल्या एका खोलीचे फोटो होते. स्वच्छ फरशी, खिडकी, गादीसह कॉट, भाडं २,२००. फोन केला तर माणूस फार गोड बोलला. बदली होऊन बाहेरगावी गेलोय, चावी शेजारी आहे, पण आज चार जण बघायला येणार आहेत, तुम्ही १,५०० टोकन पाठवलंत तर तुमच्यासाठी थांबवतो. मी पाठवले. मग गेट पास म्हणून अजून २,००० मागितले, तेव्हा माझ्या लक्षात आलं. दिलेल्या पत्त्यावर गेले तर तिथे बंद शटरचं दुकान होतं. मी तिथेच रस्त्याकडेला उभी राहून १९३० वर फोन केला. सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी हा देशभरचा नंबर आहे. त्यांनी व्यवहाराचा क्रमांक, वेळ, समोरच्याचा यूपीआय आयडी विचारून घेतला आणि तक्रारीचा क्रमांक पाठवला. पैसे अजून मिळालेले नाहीत. पण जितक्या लवकर फोन जातो तितकी पैसे गोठवता येण्याची शक्यता जास्त असते, म्हणून लाज वाटून थांबू नका. मी घरी सांगायला तीन दिवस लावले. आई रागावेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, ‘जेवलीस का?’

दुसरी चूक मनाची. शंभर फुटी रस्त्याच्या आतल्या एका कॉलनीत खोली पसंत पडली, बोलणं झालं, मालकांनी चहा विचारला. मग म्हणाले, ‘पूर्ण नाव सांगा.’ मी नाव आणि वडिलांचं नाव सांगितलं. ‘आडनाव?’ तेही सांगितलं. त्यांनी आत जाऊन बायकोशी काहीतरी बोलणं केलं आणि बाहेर येऊन सांगितलं की खोली कालच दुसऱ्या कुणाला शब्द दिलेली आहे, विसरलोच. बोर्ड अजून दारावर होता. चूक एवढीच की दिवसभर मी स्वतःलाच दोष देत राहिले, माझं बोलणं बरोबर नव्हतं, कपडे मळले होते, असं काय काय. तसं काही नव्हतं. असं तुमच्याबरोबर झालं तर पुढच्या घरी जा. त्या दाराशी मन अडकवू नका.

रविवारी एजंटबरोबर फिरले. एक महिन्याचं भाडं ही त्याची फी, खोली ठरली तरच. तो प्रामाणिक होता, पण त्याच्याकडच्या खोल्या ४,००० च्या वरच्या होत्या. त्याने शामरावनगरकडची एक स्वस्त खोलीही दाखवली. घर नवं, मालक तरुण नवरा-बायको, दोघंही मनमोकळी. पण तो भाग सखल, काळ्या मातीचा. नदीचं पाणी दूर असलं तरी पावसाचंच पाणी साचलेलं होतं आणि शेवटचे शंभर पावलं मी चप्पल हातात घेऊन चालले. सात-साडेसातपर्यंत प्रयोगशाळेत थांबून रोज अंधारात हा रस्ता चालायचा हे मला जमणार नव्हतं. म्हणून खोली नेहमी पाऊस पडून गेल्यावर बघावी. उन्हाळ्यात बघाल तर शेजारच्या भिंतींवरची ओल बघा.

सोमवारी १२ तारखेला तास सुरू झाले. पहिल्या तासाला सरांनी काय शिकवलं ते मला आठवत नाही. मागच्या पानावर मी हिशेब करत होते. लॉज ९००, गेलेले १,५००, चार रात्रींचे ६००, जेवण-वडाप धरून हजारभर. साडेआठ हजार उरत होते आणि डिपॉझिट सगळीकडे पाच ते दहा हजार मागत होते.

मंगळवारी सकाळी सामान उचललं. कॉलेजच्या शिपाईमामांनी बॅग त्यांच्या खोलीत ठेवू दिली, पण माझा रात्रीचा प्रश्न तसाच होता. त्या दुसऱ्या वर्षाच्या मुलीनेच सुचवलं की मिरजेला बघ. मिरज हे दवाखान्यांचं गाव. डॉ. वानलेस यांनी १८९४ मध्ये तिथे मिशन हॉस्पिटल सुरू केलं, तेव्हापासून कर्नाटकातूनसुद्धा पेशंट येतात. पेशंटच्या नातेवाइकांसाठी दवाखान्यांच्या आसपास साधी, स्वस्त राहायची सोय असते. मी एका ठिकाणी विचारलं. मालकांनी आधार कार्ड आणि कॉलेजची फीची पावती बघितली, बाबांशी फोनवर बोलले आणि बायकांच्या खोलीत एक कॉट दिली, रात्रीचे ४०० रुपये.

त्या खोलीत विजापूरकडच्या एक आजी होत्या. मुलाचं ऑपरेशन झालं होतं. त्यांना मराठी थोडं येत होतं, मला कानडी अजिबात नाही. रात्री त्यांनी त्यांच्या डब्यातली ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगाचटणी मला दिली. लातूरला घरी खाते तीच चव. आठवड्यात पहिल्यांदा मी पोटभर जेवले आणि गाढ झोपले. सकाळी त्या दवाखान्यात निघाल्या तेव्हा मी त्यांची पिशवी खालपर्यंत नेली. त्यांच्या मुलाचं काय झालं ते मला कळलं नाही. तेव्हा विचारायला हवं होतं.

१४ तारखेला, बुधवारी दुपारी, मी कॉलेजजवळच्या एका घरगुती मेसमध्ये जेवायला गेले. साठ रुपये ताट. गर्दी ओसरल्यावर मावशींनी विचारलं, ‘नवीन दिसतीस, महिन्याचं लावणार का?’ मी म्हटलं, खोलीच मिळाली नाही, महिन्याचं काय लावू. मावशींनी हात पुसले आणि बोटांवर मोजायला लागल्या. अमक्या गल्लीत एक पोरगी लग्न ठरल्यामुळे गेली, तिचा डबा कालपासून बंद आहे. तमक्या बाईंकडे दोघी होत्या, त्यातली एक पुण्याला क्लासला गेली, तिने तर डब्याचा हिशेबही मिटवला.

मी सात दिवस बोर्ड, जाहिराती, एजंट सगळं बघितलं आणि कुठली कॉट आज सकाळी रिकामी झाली हे मेसवाल्या मावशींना माहीत होतं. खोली सोडणारी मुलगी घरमालकाच्याही आधी डबा बंद करायला सांगते. पहिल्या दिवशी कुणी मला हे सांगितलं असतं तर पंधराशे रुपये आणि दोन रात्रींची झोप वाचली असती. मेस, अभ्यासिका, झेरॉक्सचं दुकान, या तीन ठिकाणी आधी जा. तिथे नाही मिळालं तर मोबाइल काढा.

मावशींनी सांगितलेलं दुसरं घर विश्रामबाग स्टेशनच्या बाजूला होतं. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या काकू, खाली त्या एकट्या, वरच्या मजल्यावर दोन मुलींची खोली. मी विचारायच्या आधी काकूंनीच सांगितलं, ‘हा भाग उंचावर आहे. २०१९ ला आमच्याकडं गावातले पंधरा पाहुणे राहायला होते.’ कॉट बेसिसवर महिना २,५००, डिपॉझिट ५,०००, लाइट बिल निम्मं-निम्मं, अंघोळीला सोलरचं पाणी सकाळी आठपर्यंत, रात्री नऊला गेट बंद. प्रयोगशाळेत उशीर होईल त्या दिवशी फोन करायचा. खोलीत असलेली मुलगी जत तालुक्यातली, बी.एड. करते. तिने नळाखाली बादली अशी नेमकी ठेवली होती की थेंब बाहेर पडत नव्हता. मला ती तिथेच आवडली.

काकूंनी बाबांशी फोनवर वीस मिनिटं बोलणं केलं. बाबांना पाऊसपाणी, शेती किती, घरात कोण कोण, सगळं विचारलं. मी मध्ये मध्ये घाम पुसत होते. फोन ठेवून त्या म्हणाल्या, ‘उद्या झेंडावंदन झालं की सामान आण.’

डिपॉझिट आणि अर्ध्या ऑगस्टचं भाडं, म्हणजे ६,२५० रुपये, मी यूपीआयने दिले आणि टिपणीत ‘डिपॉझिट’, ‘ऑगस्ट भाडं’ असं वेगळं लिहिलं. रोख देणार असाल तर साध्या कागदावर का होईना, सही घ्या. राहायला गेल्या दिवशी खोलीचे, कॉटचे, फुटलेल्या आरशाचे, भिंतीवरच्या जुन्या डागांचे फोटो काढून काकूंना पाठवले. त्यांना राग येईल असं वाटलं होतं. त्या म्हणाल्या, ‘बरं झालं, मागच्या पोरीशी याच आरशावरून वाद झाला होता.’ हातात हजारभर रुपये उरले होते.

आता करारनामा. हा भाग कंटाळवाणा आहे, पण इथेच बहुतेक मुलं अडकतात. बाबांकडे अल्पभूधारकाचा दाखला आहे, तीन एकर कोरडवाहू. अशांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे, अर्ज महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर करायचा. वसतिगृहाबाहेर राहत असाल तर घरमालकाबरोबरचा करार जोडावा लागतो. अनुसूचित जातींसाठी स्वाधार, आदिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वयंम, ओबीसी आणि भटक्या-विमुक्तांसाठी सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. तुम्ही कशात बसता ते कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागात विचारा. मुद्दा असा की खोली ठरवतानाच ‘करार करून द्याल ना?’ हे विचारायला हवं. मी विचारलं नव्हतं.

काकू सुरुवातीला नको म्हणाल्या. त्यांना भीती होती की करार केला तर कूळ लागेल, खोली जाईल. नोटरीकडून शंभराच्या स्टॅम्पवर करू म्हणाल्या. मी शिष्यवृत्ती विभागातल्या सरांना विचारून आले. नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे अनुमतीपत्र, म्हणजे लोक ज्याला लीव्ह अँड लायसन्स म्हणतात ते, लेखी आणि नोंदवलेलं असावं लागतं आणि ते नोंदवून घेण्याची जबाबदारी मालकाची असते. नोंदवलेल्या अकरा महिन्यांच्या करारात मालकाचंच जास्त संरक्षण आहे, कारण मुदत संपली की राहणाऱ्याला हक्क सांगता येत नाही. हे सरांनी काकूंना फोनवर समजावलं. शिक्षकाने शिक्षकाला सांगितलं म्हणून असेल, त्यांना पटलं.

२६ ऑगस्टला नोंदणी करून देणारा मुलगा लॅपटॉप आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन घरी आला. दोघींचं आधार, काकूंच्या घरपट्टीची पावती, दोन साक्षीदार (एक रूममेट, दुसऱ्या मेसच्या मावशी). मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का, डिपॉझिटवरचं व्याज धरूनही ते शंभराच्या आसपासच बसलं. शहरात नोंदणी फी १,०००. त्या मुलाच्या फीसह सगळे मिळून २,४०० झाले, आम्ही निम्मे-निम्मे दिले. बाबांनी पैसे पाठवले होते. काकूंचा अंगठा चार वेळा उमटला नाही. आयुष्यभर खडू धरलेली बोटं, रेषाच गुळगुळीत झाल्या होत्या. हात कोमट पाण्याने धुऊन, पुसून, थोडं तेल लावून पाचव्यांदा उमटला तेव्हा मावशींनी टाळ्या वाजवल्या. नोंदवलेला करार तीन दिवसांनी आला. भाडेकरू म्हणून माझी माहिती काकूंनी पोलीस ठाण्यातही दिली. त्यासाठी दोन फोटो आणि गावाकडचा पत्ता लागला.

स्थलांतर प्रमाणपत्र ३ सप्टेंबरला पोस्टाने आलं, मुदतीच्या आत. शिष्यवृत्तीचा अर्ज महाविद्यालयाच्या पातळीवर प्रलंबित दाखवतो आहे. वसतिगृहाच्या प्रतीक्षायादीत मी सतरावरून अकराव्या नंबरवर आले आहे.

गावभागातल्या आजींकडे मी गणपतीत जाऊन आले. त्यांची खोली अजून रिकामीच आहे, तिथे आता त्या वाळवणं आणि हळदीची पोती ठेवतात, तीही फळीवर, उंच.

पाऊस लागून राहिला की बाबांचा फोन येतो. आधी विचारतात, ‘पुलावर किती फूट?’ मी काकूंना विचारून आकडा सांगते. मग मी विचारते, ‘आपलं मांजरा धरण किती भरलं?’ ते टक्के सांगतात. मग जेवणाचं, अभ्यासाचं बोलणं होतं.